रेघ ओढण्याआधी खर्डीला विचारा

निवडणूक जवळ आली की शहापूर-मुरबाडमध्ये जिल्ह्याची चर्चा सुरू होते. कल्याण वेगळा जिल्हा होणार, पालघरमधून जव्हार वेगळा निघणार, मग शहापूरचे काय, मुरबाडचे काय? या चर्चेत तीन मते पुन्हापुन्हा कानावर येतात. पहिले मत म्हणते, शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तो आदिवासी पट्ट्याचा भाग आहे, म्हणून त्याची जागा जव्हार-मोखाड्याबरोबर. दुसरे मत म्हणते, शहापूर आणि मुरबाड दोन्ही कल्याणच्या मागे लावा; जिल्हा लहान होईल, मुख्यालय जवळ येईल, विकास होईल. तिसरे मत जिल्ह्याबद्दल बोलत नाही, पण रेषेबद्दलच बोलते: ज्या गावांत आदिवासी निम्म्याहून कमी आहेत ती गावे अनुसूचित क्षेत्रातून वगळा, म्हणजे तिथल्या कुणबी-आगरी पोरांना नोकरी मिळेल.

तिन्ही मते मांडणारी माणसे आपल्यातलीच आहेत. त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मताच्या तळाशी एकच समजूत आहे: गावात कोणती जमात जास्त ते मोजा आणि त्याप्रमाणे रेघ ओढा. ही समजूत चुकीची आहे. खर्डीसारख्या गावासाठी ती घातक आहे, आणि आज कोणी बोलले नाही तर उद्या हीच समजूत अधिसूचना होऊन आपल्या डोक्यावर बसेल. म्हणून तिचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

शहापूर तालुक्यातले खर्डी मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आहे. आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी आणि मग कसारा. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि तेव्हापासून या भागाचे येणेजाणे रुळांच्या दिशेने वळले. सकाळच्या लोकलने खर्डीहून कोण जाते ते पाहावे. कल्याण-ठाण्याच्या कारखान्यांत, दुकानांत, कार्यालयांत जाणारा कुणबी तरुण असतो. करवंदे, जांभळे, रानभाज्या, पळसाची पाने घेऊन कल्याणच्या बाजारात बसायला निघालेली ठाकरीण असते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे चूलबोळकी बांधून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. महादेव कोळ्यांची पोरे शहापूरला, कल्याणला कॉलेजात जातात. यांपैकी कोणाचीही रोजची वाट जव्हारला जात नाही. खर्डीहून जव्हारला जायचे तर घाट चढा, मोखाड्याची वळणे घ्या, एसटीची वाट पाहा. रेल्वे नाही. ज्या कातकरी बाईच्या नावाने तिला ‘तिच्या’ जिल्ह्यात पाठवायचे म्हणतात, तिला त्या जिल्ह्याच्या मुख्यालयात जायला मजुरीचा अख्खा दिवस आणि भाड्याचे पैसे घालवावे लागतील. तिला हे कोणी विचारले आहे काय?

‘आदिवासी पट्टा एकच’ हे वाक्य ऐकायला आपुलकीचे वाटते. ते बाहेरून पाहणाऱ्याचे वाक्य आहे. डहाणू-तलासरीत वारली मोठ्या संख्येने आहेत. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर एकमेकांत मिसळून राहतात. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी जास्त. या प्रत्येकाची बोली वेगळी, देव वेगळे, लग्नाचे रिवाज वेगळे, जमिनीशी असलेले नातेही वेगळे. कातकऱ्याला केंद्र सरकारने विशेष असुरक्षित जमातींत धरले आहे. महाराष्ट्रात त्या यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड एवढेच. आदिवासी म्हणून या सगळ्यांना एकत्र लढायचे असेल तर ते लढतील, लढले आहेत. पण एकत्र लढणे त्यांच्या मनावर आहे, कोणी त्यांना एका खात्यात टाकण्यावर नाही.

आणि लढण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ७ जानेवारी १९४५ रोजी किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली. टिटवाळा म्हणजे कल्याण तालुका, आपल्याच रेल्वेमार्गावरचे गाव. उंबरगाव-डहाणूचे वारली त्या परिषदेला आले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा मोठा लढा पेटला. टिटवाळा एका टोकाला, झरी दुसऱ्या टोकाला. त्या लोकांना एक व्हायला वेगळा आदिवासी जिल्हा लागला नाही. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग सुरत जिल्ह्यात गेला आणि उरलेल्या गावांतून आजची तलासरी उभी राहिली. ज्या वारल्यांनी एकत्र लढा दिला त्यांच्या मधोमध राज्याची हद्द आली. तिथल्या काही गावांच्या हद्दी कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात याचे वाद अलीकडेपर्यंत धुमसत राहिले. भाषेच्या आधारावर ओढलेली, तत्त्वाने योग्य असलेली रेघसुद्धा माणसांच्या अंगावरून जाते ती अशी.

ठाण्याच्या नकाशाला रेघा नव्या नाहीत. १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र झाला. १८८३ मध्ये पनवेल आणि १८९१ मध्ये कर्जत ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडले. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला. १९४९ मध्ये जव्हार संस्थान विलीन होऊन ठाण्यात आले. कर्जत जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षे झाली, तरी पौषात म्हसा गावची यात्रा भरली की कर्जतचा शेतकरी बैल घ्यायला मुरबाडमध्येच येतो. म्हसोबाच्या देवळात तुमचा जिल्हा कोणता असे विचारत नाहीत. ओळख या रेघांनी घडली नाही आणि पुसलीही गेली नाही. बदलले ते एवढेच, की कागद कुठल्या कचेरीत सापडेल आणि सही कोणाची लागेल. गरिबासाठी हे ‘एवढेच’ फार मोठे असते.

म्हणून २०१४ कडे नीट पाहावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर आणि ठाणे हे सात इकडे राहिले. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशातला सर्वांत मोठा जिल्हा. तो विभागायला हवा होता, यात वाद नाही. वाद आहे तो रेघ कुठे पडली याचा.

मोखाडा आणि शहापूर यांच्यामध्ये ती पडली. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये मोखाडा हा शहापूर तालुक्याचाच पेठा, म्हणजे पोटविभाग, म्हणून नोंदवला आहे. याला कारण होते. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या माणसाला रेल्वे गाठायची तर तो विहीगावच्या रस्त्याने कसाऱ्याला उतरतो. त्याचा बाजार, त्याचे नातेवाईक, कामाला बाहेर पडण्याची वाट, सगळे या बाजूला. २०१४ मध्ये त्याला सांगण्यात आले की तुझे मुख्यालय पालघर. मोखाड्याहून पालघर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, समुद्राच्या बाजूला, पश्चिम रेल्वेवर. त्याला ठाणे लांब पडत होते हे खरे. पण ठाण्याला तो लोकलने जात होता. डोंगरी तालुक्यांची सोय म्हणून केलेल्या विभाजनात मुख्यालय मात्र किनाऱ्याला गेले. जव्हारने तेव्हा मुख्यालय मागितले होते. ती मागणी रास्त होती आणि आजही आहे. जव्हारला जिल्हा मिळाला तर मला आनंद होईल, कारण तिथल्या माणसाला पालघरपेक्षा जव्हार खरोखर जवळ आहे. पण त्याच न्यायाने खर्डीला जव्हार जवळ नाही. सोयीचा नियम जव्हारला लावायचा आणि खर्डीची वेळ आली की जमातीचा नियम काढायचा, हे चालणार नाही.

आता ‘जिल्हा लहान झाला की विकास होतो’ या दुसऱ्या मताकडे वळू.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सगळे म्हणाले, जिल्हा अवाढव्य आहे, मुख्यालय दूर आहे, म्हणून हे घडले. २०१४ मध्ये जिल्हा लहान झाला. २०१६ मध्ये मोखाडा-जव्हारमधल्या बालमृत्यूंनी राज्य पुन्हा हादरले. पालघरला सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात भव्य मुख्यालय बांधले आणि २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. इमारत चांगली आहे. पण मोखाड्यातली आई दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडते, पोरगे भट्टीवर आणि बांधकामावर वाढते, अंगणवाडीतला आहार तिथे पोहोचत नाही, या साखळीतला एकही दुवा त्या इमारतीने तुटला नाही. रोजगार हमीचे काम वेळेत निघाले, मजुरी वेळेत मिळाली, आरोग्य केंद्रात डॉक्टर राहिला, तर तो तुटतो. ही कामे तालुक्यात होतात, पाड्यात होतात. जिल्हा लहान करून ती आपोआप होत नाहीत, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे.

कल्याण जिल्ह्याच्या समर्थकांचा सर्वांत जोरदार मुद्दा मला मान्य आहे. ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत खर्डी बुडून जाते. घोडबंदरचे मनोरे, नवी मुंबईच्या कंपन्या आणि डोळखांबचा पाडा यांची एकत्र बेरीज केली की जिल्हा श्रीमंत दिसतो आणि पाडा दिसतच नाही. हे दुखणे खरे आहे. पण त्यावर कल्याण हे औषध कसे? जिल्हा नियोजन समितीत ग्रामीण आणि नागरी सदस्यांचे प्रमाण लोकसंख्येवरून ठरते, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. शहापूर आणि मुरबाड मिळून २०११ मध्ये पाच लाखांच्या आसपास माणसे होती. त्याच वेळी कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात, उल्हासनगर पाच लाखांवर, शिवाय अंबरनाथ आणि बदलापूर. त्यानंतर ही शहरे किती वाढली ते लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा. म्हणजे ठाण्यात आम्ही अल्पसंख्य आहोत, कल्याणमध्येही अल्पसंख्यच राहणार. फरक एवढाच, की ठाणे-नवी मुंबईचा महसूल ज्या जिल्ह्यात जमा होतो त्याच्याशी असलेला आपला संबंध सुटेल आणि कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांची, कचऱ्याची, पाण्याची भूक आपल्या उशाशी येईल.

जवळिकीचा हिशेबही करू. रेल्वेने खर्डी ते कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, खर्डी ते ठाणे सुमारे ७४. वाचले ते वीस किलोमीटर, तेही आपण ज्या गाडीत आधीच बसलो आहोत त्याच गाडीचे. डोळखांब, शेणवा, किन्हवलीच्या माणसाचा खरा वेळ आसनगाव स्टेशन गाठण्यात जातो, आणि तो वेळ कल्याण जिल्हा झाला तरी तेवढाच जाणार.

शहराच्या शेजारात रेघा हलल्या की गावांचे काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. कल्याणजवळची सत्तावीस गावे १९८३ मध्ये महापालिकेत घातली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली, २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात रद्द ठरला. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, बहिष्कार घातले, संघर्ष समित्या केल्या. एका पिढीची उमेद आपण कोणत्या हद्दीत आहोत हे ठरवण्यात गेली. शहापूर-मुरबाडच्या गावांना हे नशीब देऊ नका.

तिसरे मत सर्वांत नाजूक आहे, कारण त्यात शेजारी शेजाऱ्यासमोर उभा राहतो. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडची मात्र ७७ गावेच त्यात आहेत, बाकीची बाहेर. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायचे ठरले. पुढे त्यावर वाद झाले, बदल झाले, प्रकरणे न्यायालयात गेली. पण त्या क्षणी गावात जे झाले ते कोणी विसरलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधावर भात लावणारी माणसे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. कुणबी तरुणाने विचारले, माझ्या गावातल्या शाळेत मी कधीच शिक्षक होऊ शकणार नाही का? त्याचे घर चार एकर खडकाळ वरकसावर चालते. त्याचा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

पण उत्तर म्हणून रेघ हलवायला निघालात तर काय हातातून जाईल ते आधी बघा. शहापूर तालुक्यात आदिवासी निम्म्याहून कमी आहेत. निम्म्याची अट लावली तर तालुक्यातली किती तरी गावे बाहेर पडतील. तसे झाले की पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार त्या गावातून जातील: भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत, गौण खनिजावरचा अधिकार, सावकारीवर नियंत्रण, दारूच्या दुकानाविषयीचा निर्णय, गौण वनउपजाची मालकी. हे अधिकार ग्रामसभेचे आहेत आणि ग्रामसभेत कुणबीही बसतो, आगरीही बसतो. समृद्धी महामार्गासाठी शहापूरच्या गावांत मोजणी सुरू झाली तेव्हा ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तो ठराव आदिवासीने एकट्याने केला नव्हता आणि जमीन आदिवासीची एकट्याची जाणार नव्हती. सरकारने त्या ठरावांना किती किंमत दिली हा वेगळा, संतापाचा विषय आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. पण निदान ठराव करण्याचे बळ त्या गावांकडे होते. अनुसूचित क्षेत्राबाहेर पडलेल्या गावाकडे तेवढेही राहणार नाही, आणि महामार्गालगतच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना तेच हवे आहे. कुणब्याच्या नावाने ही मागणी पुढे रेटली जाते. तिचा फायदा कुणब्याला होणार नाही.

अनुसूचित क्षेत्र ठरवताना आदिवासींची बहुसंख्या हा एकच निकष नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. क्षेत्र सलग असावे, प्रशासनाला सोयीचे असावे, आर्थिकदृष्ट्या मागास असावे, हेही निकष होते. सलगता तोडून गाव-गाव वेगळे केले तर एका बांधापलीकडे एक कायदा आणि अलीकडे दुसरा, अशी मुरबाडसारखी गत होईल. मुरबाडमधल्या ७७ गावांच्या कडेला असलेल्या ठाकरवाड्या आजही बाहेर आहेत. त्यांचे दारिद्र्य रेषेच्या आतल्या वाडीपेक्षा तसूभरही कमी नाही. न्याय करायचाच असेल तर रेघ बाहेर सरकवा, आत नको.

शिवाय हा अधिकार जिल्हा पाडणाऱ्या मंत्रिमंडळाचा नाही. पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्र बदलण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे. राज्य सरकार महसूल अधिनियमाच्या कलम ४ खाली जिल्ह्याची हद्द बदलू शकते. त्याने अनुसूचित क्षेत्र बदलत नाही. नव्या जिल्ह्यात गेले की पेसा जाईल अशी आशा काहींना दाखवली जाते आणि तीच भीती म्हणून दुसऱ्यांना. दोन्ही निराधार आहेत. कुणबी तरुणाला उत्तर द्यायचे तर ते वेगळे आहे: रिक्त पदे भरा, भातसाच्या पाण्यावर दुबार पीक द्या, शहापूर-आसनगावच्या उद्योगांत स्थानिकाला घ्या. आदिवासीच्या ताटातले काढून ते देता येणार नाही, आणि ते ताट भरलेले तरी कुठे आहे?

पाण्याबद्दल बोलायलाच हवे, कारण सीमेच्या सगळ्या वादात जो मोठा अन्याय झाकला जातो तो हा आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे पाच इकडच्या डोंगरांत आहेत: तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. तानसा १८९२ चा. मोडकसागर १९५७ चा. मध्य वैतरणा २०१४ मध्ये, म्हणजे जिल्हा विभागला त्याच वर्षी कामाला लागले. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसाचा. त्या भातसाच्या तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतो. बाया रात्री उठून झऱ्यावर रांग लावतात, वाटीवाटीने हंडा भरतात. जलवाहिन्या त्यांच्या शेतातून मुंबईला जातात.

शहापूरच्या ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना पाणी द्यायचे ठरले तेव्हा योजना झाली भावली धरणाची. भावली इगतपुरी तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात, दारणेच्या खोऱ्यात. म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडून, सह्याद्रीची धार ओलांडून, गोदावरीच्या खोऱ्यातले पाणी शहापूरला आणायचे, आणि शहापूरचे स्वतःचे पाणी मुंबईला जात राहायचे. पाडे उंचावर आहेत आणि भावलीचे पाणी उताराने येते, हे तांत्रिक कारण मला समजते. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. सरकारच्या मनात आले की पाणी जिल्ह्याच्या रेघेला जुमानत नाही. मुंबईसाठी ती रेघ कधीच आड आली नाही. मग आमच्या तहानेचा प्रश्न आला की ‘आधी जिल्हा तर होऊ द्या’ असे का सांगता? मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण बांधायला निघालात तेव्हाही पाणी शहरांसाठीच होते, आणि परवानग्या पूर्ण होण्याआधी चालवलेले काम थांबवायला लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले. शहापूर-मुरबाड जव्हारमध्ये गेले, कल्याणमध्ये गेले किंवा ठाण्यातच राहिले, तरी धरणातल्या पाण्याचा पहिला हक्क धरणाकाठच्या गावाचा असा कायदेशीर वाटा ठरल्याशिवाय यातले काहीही बदलणार नाही. ती मागणी कुणबी, कातकरी, ठाकूर, आगरी सगळे एका तोंडाने करू शकतात. जमातवार जिल्ह्यांची भाषा या एका तोंडाची तीन तोंडे करते.

मग काहीच बदलायचे नाही का? बदलायचे आहे, आणि तातडीने. शहापूर तालुका भिवंडी उपविभागात मोडतो. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या सहीने मिळतो. वनहक्काच्या दाव्याची पहिली मोठी तपासणी प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या समितीत होते. भूसंपादनाचे कामही प्रांताकडे. खर्डीहून भिवंडीला थेट लोकल नाही. कल्याणला उतरून किंवा महामार्गाने गाड्या बदलत जायचे. शहापूरला स्वतंत्र प्रांत कार्यालय द्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय शहापुरात आहेच. त्याच्या शेजारी प्रांत बसला तर कसाऱ्यापासून किन्हवलीपर्यंतच्या माणसाच्या निम्म्या खेपा वाचतील. यासाठी नवा जिल्हा लागत नाही, शेकडो एकरांचे मुख्यालय लागत नाही.

जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. ज्याच्या आजोबाचे नाव मोखाडा पेठ्याच्या जुन्या दप्तरात आहे तो आज शहापुरात राहतो, आणि त्या दप्तराचा शोध घेत दोन जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत फिरतो. २०१४ नंतर ही पायपीट वाढली. नवी रेघ ओढण्याआधी जुन्या नोंदी दोन्ही बाजूंच्या तहसिलात मिळतील अशी सोय करा. तानसा अभयारण्याचे जंगल शहापूर, वाडा, मोखाडा असे पसरले आहे. त्यातल्या गावांचे वनहक्क दोन जिल्ह्यांत दोन चालींनी पुढे सरकतात. ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांची भाषणे होत नाहीत, पण माणसाला जिल्ह्यापेक्षा यांचा उपयोग जास्त आहे.

एक हद्द मात्र खरोखर बदलायला हवी. २०१४ च्याच मार्चमध्ये महाराष्ट्राने पेसाचे नियम केले. त्यांत पाड्याला, वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची सोय आहे. आज पाच-सहा पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असते, ग्रामसभा मोठ्या गावात भरते, आणि डोंगरावरची कातकरवाडी तिथे कोपऱ्यात उभी राहून परत जाते. ज्यांना आदिवासीची ओळख जपायची आहे त्यांनी आधी ही रेघ ओढून दाखवावी. ती मंत्रालयात ओढावी लागत नाही. पाड्यातल्या लोकांनी ठराव करून सुरुवात करायची असते. जिल्ह्याच्या नावावर सभा गाजवणारे किती जण अशा ठरावाचा कागद लिहून द्यायला पाड्यावर गेले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या पुढाऱ्याला विचारावे.

खर्डीच्या, कसाऱ्याच्या, डोळखांबच्या, मुरबाडच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. जिल्ह्याची हद्द बदलायची तर सरकारला आधी प्रारूप प्रसिद्ध करावे लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. कायदाच तसा आहे. ती वेळ येईल तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वाचून गप्प बसू नका. ग्रामसभा बोलवा. कुणबी, ठाकूर, कातकरी, कोळी, आगरी सगळे एका ठिकाणी बसा. कोणते मुख्यालय कोणाला जवळ पडते, पाण्याचा वाटा लिहून मिळणार का, पेसा कायम राहील असे प्रारूपात नमूद आहे का, प्रांत कार्यालय कुठे येणार, हे चार प्रश्न विचारा आणि जे ठरेल त्याचा ठराव करा. तो ठराव मुदतीच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात हरकत म्हणून लेखी दाखल करा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.